चुकून लागलेला धक्का

ज्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें त्यास शिक्षा द्यावी काय, आणि दिली तर किती, हा प्रश्न कोर्टकचेऱ्यांइतकाच खेळाच्या मैदानावरहि उपस्थित होतो. पटांगणावर फुटबॉल किंवा हॉकी खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तो नवा नाहीं. परंतु ऑस्ट्रेलियांत तेथील फुटबॉलसंबंधानें गेल्या कांहीं वर्षांत या प्रश्नाचा जितका खल झाला, तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. तो समजून घेणें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगाचें होईल, अशा समजुतीनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून निराळा आहे. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूहि लांबट, आणि प्रत्येक बाजूस १८ गडी. चेंडू लाथेनें मारावा, मुठीनें टोलवावा किंवा वरच्यावर झेलावा. ऑफसाइडचें बंधन येथें नाहीं. त्यामुळें खेळाडू चारी दिशांनीं धांवत येतात आणि चेंडूसाठीं उंच उड्या घेतात. टक्कर हा या खेळाचा नित्याचाच भाग होय. शाळकरी वाचकांस ऐकून कौतुक वाटेल कीं, या खेळाच्या अगदीं आरंभींच्या सामन्यांपैकीं एक दोन शाळांमध्येंच झाला. मेलबर्न शहरांतील स्कॉच कॉलेज व मेलबर्न ग्रामर या शाळांचीं प्रत्येकीं ४० मुलें ७ ऑगस्ट १८५८ रोजीं एकमेकांसमोर उभीं राहिलीं. सामना तीन वेगवेगळ्या दिवशीं खेळला गेला आणि अखेर बरोबरींत सुटला. पुढल्या वर्षीं, मे १८५९ मध्यें, मेलबर्न फुटबॉल क्लबानें दहा नियम लिहून काढले. त्यांत नडगीवर लाथ मारण्यास मनाई होती, परंतु धांवत्या गड्यास पाय घालून पाडण्यास व ढकलण्यास मोकळीक होती. आज त्याच खेळांत पाय घालून पाडणें हा अपराध आहे. क्षम्य काय आणि अक्षम्य काय, यांमधली रेघ अशी पिढीगणिक सरकत आलेली आहे.

सप्टेंबर २०२३ मध्यें आम्ही मेलबर्न येथें आमच्या पुतण्याच्या घरीं मुक्कामास होतों. ता. ७ रोजीं रात्रीं कॉलिंगवुड व मेलबर्न या संघांचा अंतिम फेऱ्यांतील सामना होता, आणि घरांतील सारी मंडळी तो दूरचित्रवाणीवर पाहत बसली होती. पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा स्वतः हा खेळ खेळतो. त्यामुळें आम्हांस नियम समजावून सांगण्याचें काम त्यानें मोठ्या उत्साहानें पत्करलें होतें. सामन्याच्या पहिल्याच भागांत मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉनें धांवतां धांवतां चेंडू लाथाडला. तो अडविण्यासाठीं कॉलिंगवुडच्या ब्रेडन मेनार्डनें हात वर करून समोरून उडी घेतली. चेंडू निघून गेला. मेनार्ड अजून हवेंतच होता. त्याचें अंग वळलें, आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. पूर्वींच्या दुखापतींमुळें ब्रेशॉ मऊ शिरस्त्राण घालून खेळत असे. परंतु त्याचा उपयोग झाला नाहीं. तो जागच्याजागीं निश्चेष्ट पडला.

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मुलगा म्हणाला, “आजोबा, त्यानें मुद्दाम नाहीं केलें. तो चेंडूसाठींच उडाला होता. त्याला शिक्षा झाली तर तो अन्याय होईल.” त्याची आई इस्पितळांत परिचारिका आहे. ती शांतपणें म्हणाली, “आणि जो पडला, त्यानें तरी मुद्दाम काय केलें होतें?” त्या रात्रीं जेवतांना या दोन वाक्यांभोंवतींच सारें बोलणें फिरत राहिलें. आम्हांस दोन्ही वाक्यें खरीं वाटलीं, आणि आजहि वाटतात. खरी अडचण तीच आहे.

या खेळाची व्यवस्था पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगनें अशा प्रसंगांसाठीं एक कोष्टक ठरविलें आहे. प्रथम कृत्य हेतुपुरस्सर कीं निष्काळजीपणाचें, हें पाहावयाचें. मग आघात सौम्य, मध्यम, भारी कीं अतिभारी. आणि मग तो डोक्यास झाला कीं अंगास. निष्काळजीपणानें डोक्यास अतिभारी आघात झाल्यास निदान तीन सामन्यांची बंदी. खेळाडूस हें मान्य नसेल तर न्यायमंडळापुढें सुनावणी होते; तेथें दोन्हीं बाजूंचे वकील बोलतात, साक्षी होतात, आणि चित्रफीत पुन्हां पुन्हां पाहिली जाते. मेनार्डच्या बाजूनें एका तज्ज्ञ प्राध्यापकाची साक्ष झाली. एकदां पाय जमिनीवरून सुटले म्हणजे विचार करून कांहीं ठरविण्यास माणसास वेळच उरत नाहीं, असा तिचा आशय होता. १२ सप्टेंबर रोजीं न्यायमंडळानें मेनार्डला दोषमुक्त केलें. चेंडू अडविण्यासाठीं उडी घेणें ही वाजवी कृति होती, आणि अशी टक्कर होईल हें त्यास आधीं दिसण्यासारखें नव्हतें, असें मंडळाचें मत पडलें. ३० सप्टेंबर रोजीं त्याच्या संघानें ब्रिस्बेनचा ४ गुणांनीं पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. ब्रेशॉ मात्र पुन्हां कधीं सामना खेळला नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें, वयाच्या २८ व्या वर्षीं, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यानें खेळास रामराम ठोकला. लीगनेंहि २०२४ च्या हंगामापासून नियम बदलला. चेंडू अडविण्यासाठीं जमीन सोडून उडी घेणाऱ्यानें दुसऱ्याच्या डोक्यास मार लागेल असें घडविलें, आणि तें आधीं ओळखतां येण्याजोगें होतें, तर तो निष्काळजीपणाच समजावयाचा. मात्र टक्कर टाळण्यासाठीं वाजवी तें सारें त्यानें केलेलें असल्यास गोष्ट निराळी.

या कोष्टकावर जो मुख्य आक्षेप घेतला जातो तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. इजा होण्याचा संभव किती होता हेंहि तेथें पाहतात हें खरें. तथापि आघात भारी कीं सौम्य, हें बहुतेक पडणाऱ्याच्या इजेवरून ठरतें. समजा, दोन खेळाडूंनीं अगदीं एकसारखी उडी घेतली. एकाचा प्रतिस्पर्धी धूळ झटकून उठला, आणि प्रकरण तेथेंच मिटलें. दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला, आणि तीन सामन्यांची बंदी आली. कृति तीच, दोष तेवढाच. अंतर पडलें तें नशिबाचें. शिवाय बंदी म्हणजे तीन शनिवार घरीं बसणें एवढेंच नव्हे. त्या लीगमध्यें १९२४ पासून ब्राउनलो पदक दिलें जातें. तें उत्तम आणि नीतीनें खेळणाऱ्यासाठीं असल्यामुळें हंगामांत बंदी झालेला खेळाडू त्यास अपात्र ठरतो. १९९७ मध्यें क्रिस ग्रँट यास सर्वांत अधिक, म्हणजे २७ मतें मिळालीं. परंतु एका सामन्याच्या बंदीमुळें पदक २६ मतें मिळविणाऱ्या रॉबर्ट हार्वेकडे गेलें. याच्या उलट पॅट्रिक क्रिप्सची गोष्ट. ऑगस्ट २०२२ मध्यें तो चेंडूसाठीं उडाला असतां ब्रिस्बेनच्या कॅलम आह ची यास धडकला, आणि त्याजवर दोन सामन्यांची बंदी आली. न्यायमंडळानें ती कायम केली. अपील मंडळानें निवाड्यांत कायद्याची चूक झाली असें ठरवून ती रद्द केली. त्याच वर्षीं २९ मतें मिळवून क्रिप्स त्या पदकाचा मानकरी झाला. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस २८ मतें होतीं. वकिलाच्या एका मुद्द्यावर केवढें लोंबत होतें हें यावरून दिसेल.

परंतु सूनबाईचा प्रश्न यानें सुटत नाहीं. डोक्यास बसलेला मार हा हाडाच्या मोडीसारखा नसतो. ग्रॅहम फार्मर या विख्यात खेळाडूचें २०१९ मध्यें निधन झालें. डोक्यास वारंवार मार बसल्यानें होणारी मेंदूची व्याधि त्यास होती असें मरणोत्तर तपासणींत आढळून आलें, आणि तें २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. या खेळांत अशी नोंद झालेला तो पहिला. २०२१ पासून लीगनें मेंदूस मार बसलेल्या खेळाडूस निदान १२ दिवस सामन्यापासून दूर ठेवण्याचा नियम केला. अशा वेळीं “चुकून झालें” एवढें उत्तर पुरतें मानलें तर कोणीच आपली उडी आवरणार नाहीं. शिक्षेची धास्ती असेल तरच पुढचा खेळाडू क्षणभर आधीं विचार करील, असें नियम करणाऱ्यांचें म्हणणें आहे, आणि तें आम्हांस पोकळ वाटत नाहीं.

मग न्यायाची रेघ कोठें ओढावी? आपल्याकडील कायद्यानें या बाबतींत जुनी वाट घालून दिली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८० व्या कलमांत असें तत्त्व होतें कीं, कायदेशीर कृत्य कायदेशीर रीतीनें, योग्य ती काळजी व सावधगिरी बाळगून करीत असतां, वाईट हेतूवांचून, अपघातानें जें घडतें तो अपराध नव्हे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच तत्त्व १८ व्या कलमांत आलें आहे. यांतील “काळजी व सावधगिरी” हे शब्द महत्त्वाचे. केवळ वाईट हेतु नव्हता एवढ्यानें सुटका होत नाहीं. आमच्या अल्पमतीप्रमाणें खेळांतहि हेंच माप लावावें. खेळाडूचे पाय जमिनीवर असतां, त्याच्या हातीं अजून निवड असतां, त्यानें काय निवडलें? समोरचा माणूस त्यास दिसत होता काय? दुसरी वाट मोकळी होती काय? दोष या क्षणावरून मोजावा. नंतर कोण किती वेळ बेशुद्ध राहिला यावरून नव्हे.

या मापानें पाहिल्यास दोन प्रकरणें निराळीं दिसतात. मार्च २०२४ मध्यें एसेंडनचा पीटर राइट झेलासाठीं समोरून धांवत आला. सिडनीचा हॅरी कनिंगहॅम चेंडूवर नजर ठेवून उलट दिशेनें मागें येत होता. राइटनें उडी घेतली, अखेरच्या क्षणीं अंग वळविलें, आणि त्याचा खांदा लागला. त्यास ४ सामन्यांची बंदी झाली. मे २०२५ मध्यें फ्रीमँटलचा कर्णधार ॲलेक्स पिअर्स हाहि चेंडूकडे धांवत असतां पोर्ट ॲडलेडच्या डार्सी बर्न-जोन्स यावर आदळला. त्याजवर ३ सामन्यांची बंदी येऊं घातली होती. न्यायमंडळानें ती रद्द केली. दोन्हीं वेळां पडणाऱ्याच्या मेंदूस मार बसला होता. तरी निकाल निरनिराळे लागले, कारण दोघांनीं टकरीपूर्वीं काय केलें याकडे पाहिलें गेलें. पाहणाऱ्यांत यावर मतभेद राहतीलच; परंतु पाहण्याची जागा तीच योग्य होय.

आतां एक घरगुती गोष्ट सांगतों. जून २०२४ मध्यें आमच्या त्या नातवाच्याच सामन्यांत असा प्रसंग घडला. झेल घेण्यासाठीं तो उंच उडाला, आणि त्याचा गुडघा दुसऱ्या एका मुलाच्या कानशिलास लागला. पंचानें चूक कोणाचीच नाहीं असें सांगितलें. तो मुलगा कांहीं आठवडे शाळेसहि जाऊं शकला नाहीं. चार दिवसांनीं आमच्या नातवाचा आम्हांस फोन आला. “आजोबा, माझी चूक नाहीं असें सगळे म्हणतात. पण तो अंधाऱ्या खोलींत पडून आहे.” त्यास झोंप लागत नव्हती. पुढें आईबरोबर तो त्या मुलाच्या घरीं गेला. त्या मुलास फार बोलण्याची मनाई होती. म्हणून हा त्याच्या धाकट्या भावाबरोबर अंगणांत तासभर चेंडू खेळला आणि परत आला. त्यानंतर दर शनिवारीं जात राहिला. पूर्वीं ज्यानें शिक्षा अन्यायाची म्हणून आमच्याशीं वाद घातला होता, त्यास आतां निर्दोष ठरूनहि स्वस्थ बसवेना.

यावरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, अशा प्रसंगीं खातीं दोन असतात. एक दोषाचें, दुसरें शुश्रूषेचें. पहिलें पंचानें व न्यायमंडळानें चोख ठेवावें. त्यांत दया आणि संताप दोहोंसहि जागा नसावी. दुसरें खातें मात्र निकालावर अवलंबून नाहीं. पडलेल्याच्या दुःखाची भरपाई बंदीचे सामने वाढवून होत नाहीं, आणि पाडणारा निर्दोष ठरला म्हणून तें दुःख कमीहि होत नाहीं. लोक पहिल्या खात्यांतील रकमेनें दुसरें फेडूं पाहतात, म्हणून निकाल कसाहि लागो, कोणाचें समाधान होत नाहीं.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, सामना पाहतांना आपला मुलगा कीं दुसऱ्याचा, हें न पाहतां पडला कोण आहे तें आधीं पाहावें, आणि पंचाशीं वाद घालावयाचाच तर तो मागाहून घालावा. विद्यार्थ्यांनीं जोमानें खेळावें, उंच उड्याहि घ्याव्या. परंतु उडीपूर्वीं समोर कोण आहे तें एकवार पाहण्याची संवय लावावी. डोक्यास मार बसला असेल तर तो लपवूं नये, आणि सोबत्यासहि लपवूं देऊं नये. आणि ज्याला आपला धक्का लागला त्याच्या घरीं, पंचानें कांहींहि ठरविलें असो, दुसऱ्या दिवशीं जाऊन यावें.