स्टर्जिस: गाण्यांची मोटारसायकल आणि आतली तार

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या पश्चिमेस, ब्लॅक हिल्स या वनाच्छादित डोंगररांगेच्या पायथ्याशी स्टर्जिस हे छोटेसे गाव आहे. वस्ती जेमतेम सात हजारांची. परंतु ऑगस्टच्या आरंभी तेथे लाखो मोटारसायकलस्वार लोटतात. 1938 मध्ये या मेळाव्याचा प्रारंभ झाला, तेव्हा शर्यतीत अवघे नऊ स्वार होते. 2015 च्या पंचाहत्तराव्या मेळाव्यास सात लाखांहून अधिक लोक आले.

मुख्य रस्त्यावर दुतर्फा लांब पल्ल्याच्या भारी गाड्या उभ्या असतात. पुढे वारा अडवणारे रुंद कवच, त्यात रेडिओ आणि स्पीकर, मागे सामानाच्या पेट्या. जवळच तात्पुरत्या दुकानांची बाजारपेठ भरते. महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग गेला की वाऱ्याच्या घोंगावण्यात कंपनीने बसवलेला रेडिओ बुडून जातो. म्हणून मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांना येथे चांगला उठाव असतो.

गिऱ्हाइकाची नजर स्पीकरवर असते; जाणता कारागीर मात्र आधी तारेची चौकशी करतो. हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीनशे वॅट खेचायचे, तर पंचवीस अँपिअर प्रवाह लागतो. आसनाखालील बॅटरीपासून पुढच्या कवचापर्यंत जाऊन परत येण्यास चार मीटर तार धरली, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक व्होल्टाहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो आणि तार तापते. दहा चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच तूट पाव व्होल्टाहून कमी राहते. उत्पन्न तेच, गळती तेवढी थांबते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो.

खरी जोखीम आवाजाची नसून आगीची आहे. ही तार बहुधा पेट्रोलच्या टाकीखालून जाते. इंजिनच्या थरथरीने ती लोखंडी सांगाड्यावर घासत राहते. आवरण झिजले की बॅटरीचा सारा प्रवाह त्या एका बिंदूतून वाहू लागतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो ॲम्प्लिफायरशेजारी बसवला, तर मधली सगळी तार निराधार राहते. फ्यूजचे माप तारेला झेपेल एवढेच असावे. तो वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणे, म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे. अर्थिंगची तार रंगवलेल्या सांगाड्याला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. सांधे पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा दाबून बसवलेले लग टिकतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, हेही पाहावे लागते.

या कामाची कसोटी लागते आयर्न माउंटन रोडवर. सतरा मैलांत 314 वळणे, तीन बोगदे आणि स्वतःभोवती वळसा घेणारे लाकडी पूल. बोगद्याच्या चौकटीतून माउंट रशमोरवरील चार राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे अचानक समोर येतात. एवढ्या वळणांत हँडल सतत फिरत असते. कच्चा सांधा असेल, तर गाणे येथेच तुटू लागते.

स्टर्जिसच्या ईशान्येस, 79 क्रमांकाच्या रस्त्यालगत, बेअर ब्यूट हा एकाकी डोंगर उभा आहे. लाकोटा आणि शायेन या मूलनिवासी लोकांचे ते पवित्र स्थान. प्रार्थनेसाठी आलेल्यांनी झाडांना बांधलेली रंगीत वस्त्रे वाऱ्यात हलत असतात. मोटारसायकलला भिंती नसतात. तिच्यावरचे गाणे स्वाराइतकेच वाटेवरच्या प्रत्येकाच्या कानी पडते. मेळाव्याच्या गोंगाटाविषयी येथील भाविकांची खंत जुनी आहे. उत्तम तारजोडणी केलेल्या यंत्रणेलाही आवाज कमी करण्याचे बटण असतेच. या डोंगराजवळून जाताना ते फिरवायचे की नाही, हे स्वाराच्याच हाती असते.