कषाय रस

मैथिलीशरण गुप्त (१८८६–१९६४) झाशीजवळच्या चिरगावचे. रामकथेत रमलेल्या या वैष्णव कवीने उमर खय्यामच्या रुबायाही हिंदीत आणाव्यात, हे नवल वाटण्याजोगे खरे. मराठीत माधव जूलियनांनी त्या मूळ फारसीवरून उतरविल्या, आणि पुढे फिट्झजेराल्डच्या आधारे 'द्राक्षकन्या' (१९३१) सिद्ध केली. मात्र काव्यातील मद्याला वय नसते. ओठांना लागते तेव्हा ते परिपक्वच असते.

प्रत्यक्षातील तांबडे मद्य कोवळेपणी तोंड आवळून धरते. द्राक्षाच्या साली व बिया यांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधते आणि जीभ खरखरीत होते. पाश्चात्त्य शरीरशास्त्र हिला बहुधा स्पर्शसंवेदना मानते. आयुर्वेदाने मात्र कषाय म्हणून तिला षड्रसांत मानाचे स्थान दिले. परीक्षकाला 'तुरट' एवढे म्हणून भागत नाही. हा तुरटपणा हिरव्या देठाचा, की पुढे निवळून मृदू होणारा? त्याच्या आड फळाचा ऐवज पुरेसा आहे काय? आज जिभेवर असलेल्या चवीवरून वीस वर्षांनंतरच्या चवीचे भाकीत करावयाचे, असे हे विलक्षण शास्त्र आहे.

शिराज हे फारसी कवितेचे शहर. त्याचे नाव धारण करणाऱ्या द्राक्षाचे वंशमूळ जनुकीय तपासणीत फ्रान्समध्ये आढळले; नाव मात्र ऑस्ट्रेलियाने जपले. त्याच द्राक्षापासून अ‍ॅडलेडजवळ पेनफोल्ड्सच्या मॅक्स शूबर्टने १९५१ मध्ये 'ग्रँज'चा पहिला प्रयोग केला. आज संग्राहक ज्याच्यासाठी धडपडतात, ते हे मद्य कोवळेपणी चाखणाऱ्या जाणत्यांनी त्याची यथेच्छ हेटाळणी केली. १९५७ मध्ये निर्मिती थांबविण्याचा हुकूम सुटला. शूबर्टने तो मानला नाही. १९५७, ५८ व ५९ ची मद्ये त्याने गुपचूप तळघरात ठेवली. दरम्यान आधीच्या बाटल्या निवळत गेल्या. त्या पुन्हा चाखल्यावर १९६० मध्ये हुकूम मागे घेण्यात आला, आणि १९५५ च्या मद्याला १९६२ मध्ये सुवर्णपदक मिळाले. चाखणारे अज्ञ नव्हते. त्यांची जीभ खरेच सांगत होती, भाकीत तेवढे चुकले.

साहित्यातही अशा जिभा असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रजभाषेच्या माधुर्याला सरावलेल्या रसिकांना खडी बोलीतील पद्य रुक्ष, कर्कश वाटे. महावीरप्रसाद द्विवेदी तेव्हा 'सरस्वती'चे संपादक होते. चिरगावच्या तरुण कवीला त्यांनी ब्रज सोडून खडी बोलीतच लिहावयास लावले, आणि ते पद्य कोवळे असतानाच छापले.