घर बांधणाऱ्याचे घर

सुगरण पक्षी आज जसे घरटे विणतो, तसेच त्याच्या पूर्वजांनीही विणले होते. त्याला ते कुणी शिकवावे लागत नाही आणि त्यात बदल करावा असेही त्याच्या मनात येत नाही. मनुष्याची गोष्ट निराळी आहे. तो घर बांधता बांधता शिकतो, आणि कधी कधी आधी शिकलेले काही विसरतोही. हे विसरणेसुद्धा किती मोलाचे असू शकते, हे लॉरी बेकर यांच्या आयुष्यावरून चांगले कळून येते.

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी झाला. तेथेच त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात लढण्यापेक्षा जखमींची सेवा करणे त्यांना श्रेयस्कर वाटले, म्हणून ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. तेथून परत जाताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले. त्या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांत चिनी पद्धतीचे, टाकाऊ कापडाच्या चिंध्यांपासून केलेले जोडे होते. ते पाहून गांधीजींचे कुतूहल जागे झाले. बोलता बोलता विषय घरांवर गेला. ज्या गावात घर उभे राहायचे, त्या गावाच्या पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातूनच ते बांधले जावे, असा गांधीजींचा विचार होता. तरुण वास्तुकाराच्या मनात तो विचार खोल रुजला.

हा विचार केवळ बोलण्यातला नव्हता. वर्ध्याजवळच्या सेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, १९३६ पासून गांधीजींसाठी ज्या कुट्या उभ्या राहिल्या, त्या माती, बांबू आणि कौले अशा गावच्याच वस्तूंच्या होत्या. आजही त्या कुट्या पाहणाऱ्याला जाणवते, की साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे.

बेकर १९४५ साली भारतात परत आले आणि कुष्ठरोग्यांसाठी इमारती बांधण्याच्या कामाला लागले. १९४८ साली त्यांनी डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला. पुढे हे दांपत्य हिमालयात पिथोरागढच्या परिसरात स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी सुमारे सोळा वर्षे काढली. पत्नीने रोग्यांची शुश्रूषा करावी आणि पतीने दवाखाना, शाळा, घरे बांधावीत, असा त्यांचा क्रम होता. येथेच बेकर यांची खरी परीक्षा झाली. त्यांच्या पुस्तकांत पोलाद आणि काँक्रीट होते. डोंगरात मात्र दगड, माती, लाकूड आणि शेण होते. वाळवीचा बंदोबस्त कसा करावा, मुसळधार पावसात मातीची भिंत कशी टिकवावी, हे त्या पुस्तकांत कोठेच नव्हते. ते गावच्या गवंड्याला ठाऊक होते! तेव्हा बर्मिंगहॅमचा हा पदवीधर गावकऱ्यांचा शिष्य झाला. गावातली जुनी घरे म्हणजे अडाण्यांची कामे नव्हेत. अनेक पिढ्यांनी केलेल्या प्रयोगांचे ते सार आहे, हा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला.

१९६३ साली बेकर केरळात आले आणि काही वर्षांनी तिरुवनंतपुरमला राहू लागले. शहराबाहेरच्या एका उभ्या, खडकाळ उतारावर त्यांनी आपले घर मांडले. पाण्याची तेथे टंचाई होती. दुसऱ्या कुणी आधी सुरुंग लावून जमीन सपाट केली असती. बेकर यांनी उतारालाच आपला आराखडा ठरवू दिला. प्रथम एक लहानशी लाकडी खोली उभी राहिली. मग गरज पडेल तशी एकेक खोली, एकेक ओटा, एकेक जिना तिला जोडला गेला. कुठे पाडलेल्या जुन्या इमारतीचे कोरीव दार आले, कुठे फुटक्या मातीच्या भांड्यांचे तुकडे भिंतीत बसले. रंगीत बाटल्यांच्या काचा भिंतीत बसवल्या, तेव्हा उकिरड्यावर जाणाऱ्या त्या वस्तूंतून हिरवा, निळा प्रकाश घरात झिरपू लागला. हे घर एकदा बांधून संपले असे कधी झालेच नाही; वर्षानुवर्षे ते झाडासारखे वाढत राहिले.

या घरात आणि इतर कामांवर बेकर यांनी केलेले प्रयोग समजायला कठीण नाहीत. नेहमीच्या भिंतीत विटा आडव्या निजवतात. बेकर त्या कडेवर उभ्या करीत, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राही. ही रचना त्यांची स्वतःची नव्हे, इंग्लंडात ती पूर्वीपासून होती. परंतु येथील गरज ओळखून त्यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. भिंत एकच, पण तीत खर्चाची बचत आणि सावलीचा गारवा असे दोन लाभ!

दुसरा प्रयोग प्रत्येकाला घरी करून पाहता येईल. एक कोरा कागद टेबलावर उभा करावा. तो लगेच आडवा पडतो. त्याच कागदाला नागमोडी घड्या घालाव्यात, की तो आपल्या पायांवर उभा राहतो. बेकर यांच्या कितीतरी भिंती अशाच वळणावळणाच्या आहेत. वळणामुळे पातळ भिंतीलाही बळ येते. वाटेत झाड आले, तर भिंत त्याला वळसा घालून पुढे जाते. झाड मात्र तोडले जात नाही.

खिडक्यांना लाकूड आणि लोखंड लागते, म्हणून बेकर अनेक ठिकाणी विटांचीच जाळी करीत. तीतून वारा खेळतो आणि ऊन चाळणीतून आल्यासारखे सौम्य होऊन येते. छताच्या बाबतीतही त्यांनी असाच विचार केला. भार पडला, की काँक्रीटच्या छताचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण आतल्या पोलादी सळया सोसतात. खालचे काँक्रीट बरेचसे नुसते ओझे होऊन राहते. मग ते तेथे भरावेच कशाला? बेकर त्या जागी जुनी मंगलोरी कौले बसवीत. छत हलके होई, सिमेंट वाचे, आणि खालून पाहणाऱ्याला कौलांची सुंदर नक्षी दिसे.

एवढे असूनही लोकांना हे सहज पटले नाही. गिलावा नसलेली, उघड्या विटांची भिंत म्हणजे अर्धवट राहिलेले काम, असे पुष्कळांना वाटे. स्वस्त ते कच्चे, अशी समजूत तर सर्वत्रच असते. बेकर यांनी वादविवादापेक्षा विटांनी उत्तर दिले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राच्या इमारती आणि तेथील उंच ग्रंथालय त्यांनी याच पद्धतीने उभारले. विद्वानांच्या संस्थेला जी भिंत चालते, ती गरीब मच्छीमाराच्या घराला कमीपणा कशी आणील? त्यांच्या सगळ्या खटपटीमागे हाच प्रश्न होता. वाचलेली प्रत्येक वीट दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर घालण्यास उपयोगी पडते, ही त्यांची दृष्टी होती.

बेकर यांची नक्कल करणे मात्र त्यांना स्वतःलाच मानवले नसते. हिमालयातले दगडी घर त्यांनी केरळात आणून बसवले नाही. थंडीच्या मुलखात ऊब राखणारी भिंत हवी, दमट मुलखात वारा आणणारी हवी. काळ्या मातीच्या वऱ्हाडात, जांभ्या दगडाच्या कोकणात किंवा बेसाल्टच्या सह्याद्रीत घर बांधणाऱ्याने आपल्याच पायांखाली पाहिले पाहिजे. तेथला दगड, तेथला पाऊस आणि तेथला जुना गवंडी हे त्याचे खरे गुरू.

१९८९ साली बेकर भारताचे नागरिक झाले आणि १९९० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. १ एप्रिल २००७ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण केल्यावर, त्यांचे निधन झाले. मोठेपणी कोणी घरे बांधील, कोणी पूल बांधील, कोणी केवळ अंगणात कोंबड्यांसाठी खुराडे करील. काम लहान असो की मोठे, हाती थापी घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : जवळ काय आहे, आणि खरोखर लागते किती? ज्याला या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देता आली, त्याचे अर्धे घर बांधून झालेच.