ट्रॉली ढकलतंय कोण?

फक्त दूध आणायला सुपरमार्केटमध्ये गेलात आणि फक्त दूधच घेऊन बाहेर पडलात, असं शेवटचं कधी झालं होतं? आठवत नाही ना? टेन्शन घेऊ नका, तुम्ही उधळे नाही. मांडणीच तशी असते, बॉस! रोज लागणारं दूध बऱ्याचदा पार आतल्या टोकाला. तिथवर जाताना चिप्स, कुकीज, 'बाय वन गेट वन' सगळ्यांना हाय-हॅलो करतच जायचं. आणि बिलाच्या रांगेत हाताशी चॉकलेटं.

लहानपणी वाण्याकडे कसं, अलीकडे आपण, पलीकडे माल आणि मध्ये काउंटर. यादीत नसलेलं काही मागितलं की वाणीकाकाच विचारायचे, "आईला विचारलंस का?" हा काउंटर तिकडे अमेरिकेत कधीच गेला होता. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सनं 'पिगली विगली' हे सेल्फ-सर्व्हिस दुकान काढलं. रस्ताच असा आखलेला, की आत शिरलं की सगळा माल बघूनच बाहेर!

मोठ्यांचं ठीक आहे, आपण निदान कमावतो. प्रश्न आहे साडेतीन फुटी ग्राहकांचा. मध्यंतरी पाच वर्षांच्या भाच्याला घेऊन सामान आणायला गेले होते. सीरिअलच्या रॅकपाशी भाचेरावांची लेस सुटली, म्हणून खाली बसले. मान वर केली आणि बघते तर दुकानच बदललेलं! उभ्यानं मला दिसत होते ओट्स, मुसली, दलिया. त्याच्या उंचीवरून दिसत होते वाघ, माकड आणि फुकट खेळण्याचे स्टिकर. "मावशी, हा माझ्याकडेच बघतोय!" खरंच बघत होता.

खोका उलटा केला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पुरतं. इथे साखर दुसऱ्या नंबरवर! पुढच्या बाजूला मात्र व्हिटॅमिन्सची रांगोळी.

काही देशांनी हे मनावर घेतलंय. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या खाऊवर कार्टून्स छापता येत नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे बरेच पदार्थ दारापाशी, रॅकच्या टोकाला किंवा बिलाच्या काउंटरजवळ मांडता येत नाहीत. आपल्याकडेही एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जंक फूड विकायला मनाई केली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं बोर्नव्हिटासारखी पेयं ऑनलाइन दुकानांच्या 'हेल्थ ड्रिंक' कॅटेगरीतून काढायला सांगितली. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही! पण एक्कावन्नाव्या मीटरवरच्या दुकानात, मुलाच्या डोळ्यांसमोर काय मांडायचं ते दुकानच ठरवतं.

मला खटकतं ते हेच. दुकान कायम 'हो' म्हणणार आणि 'नाही' म्हणून व्हिलन व्हायचं ते आईनं, बाबांनी, नाहीतर मावशीनं. सगळ्यांसमोर पोरगं भोकाड पसरतं, मागची रांग बघत असते आणि आपण ओशाळून खोका ट्रॉलीत टाकतो. घरी येऊन वर म्हणतो, "फार हट्टी झालाय!"

पुढच्या वीकेण्डला एक करा. रॅकपुढे दोन मिनिटं उकिडवे बसा. लोक बघतील, बघू देत. त्या उंचीवरून एकदा दुकान बघा, आणि मग ठरवा, हट्ट नक्की कोणाचा आहे ते.