सर्वांत सावकाश चालणाऱ्याची सहल

धर्मग्रामाच्या कार्यालयात आमच्याकडे येणारी माणसे बहुधा ठरावीक कामांसाठी येतात. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाच्या घरी वाटणीचा तंटा असतो, कुणाला मुलीच्या स्थळाविषयी विचारायचे असते. परंतु बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी कोणत्या गावी जावे, असा सल्ला मागावयास कुणी आमच्या दाराशी येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आटोपून चार दिवस झाले होते. सकाळच्या मिस्सानंतर आबा आणि माई मोबाईल फोन हातात धरून आमच्यासमोर येऊन बसले. आबा एस. टी. महामंडळातून चालक म्हणून निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेले, मूळचे पाथर्डीकडचे. त्यांचा मुलगा म्युनिकमध्ये एका मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. सून, नऊ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात असा त्याचा संसार. फेब्रुवारीत मुलांच्या शाळेला आठवड्याची सुटी असते. त्या सुटीत आईवडिलांना बोलावून घ्यावे आणि सर्वांनी मिळून आल्प्स पर्वतातल्या एखाद्या गावी राहावे, स्की शिकावे, असे त्याने मनात घेतले होते.

"फादर, तुम्ही तिकडं राहून आलात. हे आमचं काम आहे का, तेवढं सांगा," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रश्नापेक्षा नकारच अधिक होता आणि तो आमच्या तोंडून यावा अशी त्यांची इच्छा दिसत होती.

आम्ही तिकडे राहून आलो हे खरे. गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी पुढील अभ्यासासाठी आम्हांला ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला पाठविण्यात आले होते. तेथील एका सहाध्यायाने पहिल्याच हिवाळ्यात आम्हांला फोरार्लबर्ग प्रांतातील वार्थ नावाच्या लहानशा गावी नेले आणि पायांना दोन लांब पट्ट्या बांधून एका उतारावर उभे केले. त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन धर्मगुरूच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही. चार वर्षांची पोरे आमच्या दोन्ही बाजूंनी सरसर निघून जात होती आणि आम्ही पाठीवर पडून आभाळ न्याहाळीत होतो.

त्याच संध्याकाळी मित्राने आम्हांला धीर देण्यासाठी फादर योहान म्युलर यांची हकिकत सांगितली. म्युलर हे वार्थचे धर्मगुरू. 1894 साली त्यांनी उत्तर युरोपातून स्कीची एक जोडी मागवून घेतली. त्या मुलखात तोवर कुणी असली वस्तू वापरीत नव्हते. गावकऱ्यांनी हसू नये म्हणून ते रात्री सराव करीत, असे सांगतात. पुढे याच पट्ट्यांवरून ते डोंगर ओलांडून शेजारच्या लेख गावच्या धर्मगुरूंना भेटावयास गेले. आज आर्लबर्ग हा प्रदेश स्कीसाठी जगभर नावाजलेला आहे. परंतु त्याच्या आरंभी हौशी सहलकरी नव्हते, तर हिवाळ्यात बर्फाने कोंडलेला आणि माणसांच्या भेटीसाठी आसुसलेला एक साधा पाद्री होता. ही हकिकत ऐकून आबा प्रथमच किंचित हसले.

मुलाने जे गाव पाहून ठेवले होते ते मोठे, प्रख्यात आणि फार महाग होते. तेथील उतार लांबलचक व कठीण. आम्ही त्याच्याशी फोनवर बोललो तेव्हा एकच विचारले, "बाबा रे, हा बेत तुझ्यासाठी आहे की सहाजणांसाठी?" तो क्षणभर थांबला. मग आम्ही वार्थचे नाव सुचविले.

वार्थ सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच आहे. आल्प्समधले ते गाव आमच्या कळसूबाईच्या माथ्याहून खालीच भरते हे ऐकून माईंची धास्ती निम्मी झाली. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास असतो तो थंडीचा आणि निसरड्या वाटेचा. 2013 पासून वार्थचे उतार रोपवेने लेखच्या उतारांशी जोडलेले आहेत, तेव्हा मुलाला वेगाची हौस भागवावयाची झाल्यास एखादा दिवस तो तिकडेही जाऊ शकतो. बाकीच्यांनी मात्र गावाजवळच्या सौम्य उतारांवर राहावे.

मग बेत आखण्यास आरंभ झाला, आणि आमच्या कार्यालयातील टेबलावर दाखल्यांच्या शेजारी एक वही उघडली गेली. तिच्यातील काही गोष्टी इतरांच्याही उपयोगी पडतील म्हणून येथे नमूद करतो.

प्रथम व्हिसा. आईवडिलांना शेंगेन व्हिसा लागतो. तो जर्मनी व ऑस्ट्रिया दोन्हींस चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आजारपणाचा किमान 30,000 युरोंचा विमा आवश्यक असतो. पण साध्या प्रवासविम्यात बर्फावरच्या खेळातील दुखापत पुष्कळदा धरलेली नसते. ते कलम वाचून, जरूर तर जादा पैसे भरून घ्यावे. उतारावर हाड मोडल्यास खाली आणण्याचा खर्चही लहान नसतो.

दुसरे म्हणजे वाट. नकाशात लेख आणि वार्थ शेजारी दिसतात, परंतु त्यांना जोडणारा रस्ता हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भयाने बंद असतो. म्हणून म्युनिकहून उत्तरेकडच्या दरीतून यावे लागते. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लावणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे. हा भाग आबांनी स्वतः दोनदा वाचून घेतला आणि मुलाच्या गाडीच्या टायरांची विचारपूस सुरू केली.

तिसरे म्हणजे मुक्काम. हॉटेलापेक्षा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. सहाजणांना ते स्वस्त पडते आणि दमून आलेल्या मुलांना वरणभात मिळतो. सामान विकत घेऊ नये. स्की, बूट आणि हेल्मेट गावातच भाड्याने मिळतात, आणि मुलांचे पाय तर वर्षाला वाढतात. कपडे मात्र हवेत, आणि आतून सुती नकोत, कारण सुती कापड घाम धरून ठेवते व तोच घाम पुढे गारठवतो. उन्हाचा चश्मा सर्वांनाच हवा. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत परतवतो, तेव्हा डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

चौथे म्हणजे शिक्षण. बापाने मुलांना शिकवू नये. गावच्या स्कीशाळेत वयाप्रमाणे गट असतात, लहानग्यांना वर नेणारा सरकता पट्टा असतो, आणि परक्या शिक्षकापुढे मुले रडत नाहीत. उतारांना रंग दिलेले असतात: निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण. शिकाऊ माणसाने निळा सोडू नये आणि आखलेल्या वाटेबाहेर कुणीही जाऊ नये.

वही भरत चालली होती, परंतु आबांचे मन भरत नव्हते. एके दिवशी ते एकटेच आले. मुलाने पाठविलेल्या चित्रफितीत त्यांनी बर्फ फवारणारी यंत्रे पाहिली होती आणि त्यांना पाणी पुरविणारा प्लास्टिकने आच्छादलेला तलावही पाहिला होता. "अगदी आमच्या भावाच्या शेततळ्यासारखं," ते म्हणाले. "आमच्याकडं ते डाळिंब जगवायला. यांच्याकडं घसरायला. फादर, 72 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. आई दोन कोसांवरून घागर आणायची. आता मी पाण्यावर खेळायला जाऊ?"

आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही, आणि सुचल्याचा आव आम्ही आणला नाही. ज्या प्रदेशात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास, तेथील माणसाचा हा प्रश्न खोटा नाही. वार्थला एका हिवाळ्यात सर्व मिळून दहा मीटरांहून अधिक बर्फ पडतो. ताजा बर्फ दहा भाग वितळला तर पाणी साधारण एक भाग होते, म्हणजे आमच्या दोन वर्षांच्या पावसाएवढे पाणी तेथे केवळ हिवाळ्यात, पांढरे होऊन, डोंगरावर थांबून राहते आणि उन्हाळ्यात लेख नदीतून डॅन्यूबकडे जाते. यंत्राने केलेला बर्फही वितळून बहुतांशी त्याच खोऱ्यात उतरतो. पण ती यंत्रे वीज खातात आणि ऐन थंडीत, ओढे आटलेले असताना, पाणी मागतात, हेही खरे. हवामान तापत चालल्यामुळे कमी उंचीवरच्या अनेक गावांना आता त्यांच्यावाचून निभावता येत नाही. आम्ही हे सर्व आबांना सांगितले आणि म्हणालो, "तुमचा प्रश्न घेऊनच जा. तिथल्या शेतकऱ्यालाही विचारा. तो गाई पाळतो, त्यालाही पाण्याचा हिशोब कळतो."

माईंची शंका निराळी होती. मुलांची सुटी कार्निव्हलच्या आठवड्यात येते आणि त्याच आठवड्यात राखेचा बुधवार पडतो. "उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी बर्फात खेळायचं, हे बरं दिसेल का?" त्यांना आम्ही सांगितले की वार्थला फादर म्युलरांचे चर्च आजही उभे आहे, त्या दिवशी कोणत्या गावी केव्हा राख लावली जाईल याची चौकशी सुनेने आधी करून ठेवावी, त्या दिवशी उतार मुलांना सोडावेत आणि मोठ्यांनी बर्फातील पायवाटेने सावकाश फिरून यावे. वहीत बुधवारच्या रकान्यात माईंनी स्वतःच्या हाताने लिहिले, "उपास. राख. खेळ नाही."

राहता राहिला आबांचा नकार. तो सुटला एका अगदी साध्या गोष्टीने. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 साली उतारावरील वागणुकीचे नियम घालून दिले. ते दहा आहेत. त्यांपैकी तिसरा आम्ही त्यांना वाचून दाखविला. मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढे असणाऱ्यास धोका होऊ नये. म्हणजे पुढचा कितीही सावकाश असो, मान त्याचा. सांभाळावयाचे ते वेगवानाने. आबा एकदम सावरून बसले. "हे तर घाटातलंच झालं," ते म्हणाले. "चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्यानं थांबायचं. तीस वर्षं मी तेच केलं."

त्या रात्री मुलाचा फोन आम्हांला आला. आबांनी तो नियम त्याला ऐकवला होता. मुलगा बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला आणि मग म्हणाला, "फादर, लहानपणी आम्ही दरवर्षी हरेगावच्या यात्रेला जायचो. सणाला, यात्रेला जादा गाड्या, म्हणून बाबांना रजा नसायची. एकदा तर आम्ही त्यांच्याच गाडीतून गेलो. मी आईच्या मांडीवर, चौथ्या ओळीत. सगळा वेळ मला बाबांची पाठ दिसत होती. त्यांच्या शेजारी बसून मी कुठंच गेलेलो नाही. मला स्की येत नाही, फादर. मलाही शिकायचंच आहे."

आम्ही ही गोष्ट आबांना सांगावी किंवा नाही याचा विचार केला, आणि मुलानेच ती सांगावी असे त्याला सुचविले. त्याने सांगितली असावी. कारण पुढच्या रविवारी आबा आले ते वही घेऊनच. त्यांनी प्रत्येक दिवसाचा रकाना पुन्हा आखला होता, एस. टी.च्या वेळापत्रकासारखा: सकाळी मुलांची शाळा, दुपारी सर्वांचे जेवण घरी, तिसऱ्या प्रहरी माईंच्या गुडघ्याला झेपेल एवढी चाल. मुलाच्या वेगाच्या हौशीसाठी अर्धा दिवस. पहिला दिवस कोराच ठेवला होता. "पोचल्या दिवशी गाडी गॅरेजला लागते," त्यांनी खुलासा केला.

शेवटच्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी एकच ओळ लिहिली होती. पायी फिरणाऱ्यांनाही वर नेणाऱ्या रोपवेची चौकशी त्यांनी सुनेकडून करून घेतली होती. त्या पाळण्यात माणसे एका बाकावर शेजारी शेजारी बसतात, आणि तो कुणाला चालवावा लागत नाही. त्यापुढे कंसात आबांनी दोन जागा राखून ठेवल्या होत्या: एक आपली आणि एक मुलाची.

व्हिसाचा अर्ज भरताना प्रवासाचे प्रयोजन विचारलेले असते. आबांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "कुटुंबाची भेट, असे लिहा." त्यांनी ते सावकाश, स्वच्छ अक्षरांत लिहिले.