विहिरीचा निरोप

हिंगणघाट तालुक्यांतील आमच्या शेताची विहीर घरापासून सुमारे 300 मीटर दूर आहे. पाण्याची उंची घरबसल्या कळावी म्हणून आमच्या पुतण्याने विहिरींत दाबमापक सोडला. तो आपला निरोप व्होल्टांत सांगे. परंतु लांब तारेंत व्होल्ट झिजत, आणि पंपाच्या मोटरीचा उपद्रव त्यांत मिसळे. तेव्हा त्याने विहिरीवरील पेटींत ऑप-अँप, एक ट्रान्झिस्टर व 250 ओहमचा रोधक बसविला. रोधकावरील दाब मापकाच्या दाबाइतकाच राखणे, हे ऑप-अँपचे काम. त्यामुळे 1 व्होल्टास 4 व 5 व्होल्टांस 20 मिलिअँपियर प्रवाह तारेंतून निघतो. तार लांब असो वा आखूड, पुरवठ्याचा दाब पुरेसा असला की दोन्ही टोकांस प्रवाह तेवढाच.

"रिकाम्या विहिरीस शून्य न देतां चार कां?" असे आम्ही विचारिले.

"काका, शून्य आले तर तार तुटली असे समजावे."

लोप पावलेला प्रत्ययही आपले कार्य करून जातो, असे वैयाकरण मानितात. ही युक्ति आम्हांस त्यांच्याच जातीची वाटली.

गेल्या वैशाखांत काटा एकाएकी शून्यावर आला. विहीर आटली म्हणून घरांत टँकर बोलाविण्याची भाषा सुरू झाली. पुतण्या मात्र पक्कड घेऊन बांधावर गेला. तार उंदरांनी कुरतडली होती. ती जोडतांच काटा 12 वर आला. म्हणजे मापकाच्या पट्टीच्या निम्म्याइतके पाणी विहिरींत होते.