वहीतली नावे

(द्वितीय वर्ष, कला)

आळे म्हटले की पुष्कळांना आधी आळेफाटा आठवतो. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. भाविकांना मात्र आठवते ती रेड्याची समाधी. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा आमच्या गावी विसावला, अशी श्रद्धा आहे. पण याच भागात घोंगडी विणणारी थोडी घरे आहेत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांतलेच एक घर आमचे.

घोंगडी मागावर विणली जाते, पण तिचे काम त्याआधी कितीतरी दिवस सुरू झालेले असते. धनगरांकडून मेंढ्यांची लोकर आणायची, काळी-पांढरी वेगळी करायची, पिंजायची, मग चरख्यावर तिचे सूत कातायचे. ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने द्यायची आणि उन्हात वाळवायचे. त्यानंतर विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो आणि धोटा फेकू लागतो. एक माग चालता ठेवायचा तर त्याच्यामागे अनेक चरखे फिरावे लागतात. आमच्याकडे मागावर पुरुष बसतात आणि चरख्यावर बायका.

गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाली आणि घोंगडीचे गिऱ्हाईक घटले. एकेकटा विणकर व्यापाऱ्याकडे गेला की तो सांगेल तो भाव घ्यावा लागे. म्हणून काही वर्षांपूर्वी आजोबा आणि आणखी पाच विणकर एकत्र आले. लोकर एकत्र घ्यायची, चिंचोके एकत्र आणायचे, घोंगडीचा भाव एकच ठेवायचा आणि यात्रेत एकच पाल मांडायचे, असे ठरले. अमावास्येला माग बंद असतो, म्हणून त्या दिवशी बैठक. सहांपैकी कुणालाही नीट लिहिता येत नव्हते. सुरुवातीला गावातला एक जाणता माणूस हिशेब लिहून देई. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. कॉलेजात नाव घातले त्या महिन्यातच वही माझ्याकडे आली.

माझे काम दोन प्रकारचे. लिहायचे आणि वाचून दाखवायचे. दुसरे काम अधिक अवघड आहे. सहा माणसे मांडी घालून बसतात आणि एकेक आकडा कानांनी तपासतात. वाचताना मी कुठे अडखळले की लगेच कुणीतरी म्हणते, "पुन्हा वाच, पोरी."

यंदा प्राचीन इतिहासाच्या तासाला सरांनी श्रेणींविषयी शिकवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील लेखांतही धान्यविक्रेत्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी येते. पण मी चमकले ते नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखामुळे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी गोवर्धन येथील विणकरांच्या एका संघाकडे २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज महिना शेकडा १. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. वहीच्या मागच्या पानावर मी गणित मांडून पाहिले. वर्षाचे व्याज २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. हिशेब चोख! हे दान नगराच्या सभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले, असेही त्या लेखात आहे. राजाच्या जावयाने पैसे ठेवावेत अशी विणकरांची पत होती. आमच्या गटाच्या नावाने अजून बँकेत खातेही निघालेले नाही.

का निघालेले नाही, तेही समजले. आमच्या गटाची नोंदणीच नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे संस्था काढायला निदान १० माणसे लागतात, आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली हवीत. आमचे विणकर सहा. सातवा माग या पंचक्रोशीत राहिलेला नाही.

अशातच गेल्या अमावास्येला हिशेब वाचत असताना दारात बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी विचारले, "पोरी, त्यात माझं नाव कुठं आलं गं?" त्या आमच्यासाठी सूत कातणाऱ्यांपैकी सर्वांत जुन्या. नाव कुठेच नव्हते. विणकरांची नावे पहिल्या पानावर आहेत. कताईची मजुरी मात्र वही सुरू झाली तेव्हापासून 'इतर खर्च' या सदरात आहे. त्यातच पालाची दोरी आणि टेम्पोचे भाडेही आहे.

मी सदरे मोजली, मग माणसे मोजली. आमच्या गटासाठी सूत कातणाऱ्या चौघी अशा आहेत, की ज्यांच्या घरात माग नाही. चार वेगळी कुटुंबे. सहा आणि चार मिळून दहा!

हे मी बैठकीत मांडले तेव्हा कुणी रागावले नाही, पण कुणी होही म्हटले नाही. आजोबा म्हणाले, "संस्था विणकरांची. उद्या चरखेवाल्या मागाचा भाव ठरवतील." त्यांची भीती मला कळते. साठ वर्षे ज्या खड्ड्यात पाय सोडून बसले, त्याच्यावरचा हक्क वाटून द्यायचा म्हणजे सोपे नाही. पण कातणाऱ्या हातांनी भाव ठरवण्यात वाईट ते काय, हेही मला कळत नाही. त्या हातांची मजुरी नीट मिळाली नाही तर त्या कांदा काढायला शेतावर जातील, आणि मग सहाही माग आपोआप बंद पडतील. आई एवढेच म्हणाली, "कुणाच्या मागाला कुणाचं सूत लागतं, ते सगळ्यांना ठावं हाय."

अर्ज मी भरून ठेवला आहे. दहा नावे लिहिली आहेत, सह्या व्हायच्या आहेत. मावशींनी भागाचे पैसे मजुरीतून कापून घ्यायला सांगितले आहे. परवा रात्री जेवताना आजोबांनी, माझ्याकडे न बघता, एकच विचारले, "ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो का?"

चालतो, असे मी सांगितले. ते पुढे काही बोलले नाहीत. येत्या अमावास्येला मला ती यादी सर्वांसमोर मोठ्याने वाचायची आहे.